कढीपत्त्यात भागीदार

आज पोह्यांसाठी कढीपत्ता खुडायला गॅलरीत गेले, तर अर्ध्या फांद्या भुंड्या! हात लागला तो पानाला नाही, लुसलुशीत हिरव्या अळीला. बाईसाहेबांनी लगेच डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं आणि असा काही उग्र वास सोडला की मी दोन पावलं मागे.

सासूबाई फवाऱ्याची बाटली घेऊन हजरच. त्यांना कसंबसं थांबवलं. ही कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे खाणारे फिरकत नाहीत. आठवडाभर मी ती 'शीट' ओल्या फडक्याने पुसायचं टाळत होते. आळसाचं कधी नव्हे ते फळ मिळालं!

आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेली राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन, हिचीच नातलग. तीही लिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्याही, कुळातल्या झाडांवर अंडी घालते. आपण ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत मुद्दाम फुलपाखरं बघायला जातो, आणि तीच घरी आली की फवारा!

नर्सरीतून हौसेने आणलेल्या पिटुनियाकडे आमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या यंदा खुडल्या नाहीत, तर सकाळी नऊपासून मधमाश्यांची वर्दळ.

पोहे कढीपत्त्याविनाच झाले. नवरा म्हणाला, "आज काहीतरी कमी आहे." मी गॅलरीकडे बोट दाखवलं.