आंबट कोण?

अंबिया बहाराची संत्री बाजारात आली, की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. रविवारी सावजी मटणाचा रस्सा ओरपून झाल्यावर मी संत्रे सोलायला घेतो, सालीचा तेलकट फवारा बोटांवर उडतो आणि आई विचारते, ‘‘एवढ्या तिखटावर आंबट कशाला खाऊन राहिला?’’

गंमत अशी, की मूत्रपिंडाच्या लेखी आम्ल मटणात असते, संत्र्यात नव्हे. मटणाच्या प्रथिनांतील गंधकातून शरीरात सल्फ्युरिक आम्ल तयार होते. उलट संत्र्यातील सायट्रेट यकृतात जळून मागे बायकार्बोनेट, म्हणजे आम्लारी, उरते. जिभेची साक्ष येथे ग्राह्य धरली जात नाही.

रक्ताचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राखायचा, तर मूत्रपिंडांत दिवसाकाठी गाळल्या जाणाऱ्या सुमारे १८० लिटर द्रवातील बायकार्बोनेट वाया जाऊन चालत नाही. हा द्रव मूत्रपिंडातील ज्या सूक्ष्म नलिकेतून वाहतो, तिच्या सुरुवातीच्या भागातील पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियमचा एक आयन आत घेते आणि मोबदल्यात हायड्रोजनचा एक आयन बाहेर सोडते. तो हायड्रोजन नलिकेतील बायकार्बोनेटला भेटतो, दोघांचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, हा वायू पेशीत शिरतो, तेथे पुन्हा बायकार्बोनेट घडते आणि पलीकडच्या भिंतीवरील दुसरे प्रथिन ते रक्ताच्या हवाली करते. दारातून सरळ आत न घेता माल मोडून पुन्हा घडवण्याचा हा द्राविडी प्राणायाम मला फार आवडतो.

खरी कारागिरी मात्र शेवटच्या संग्राहक नलिकेत आहे. तेथील काही पेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजन मूत्रात उपसतात, इतका की मूत्राचा सामू ४.५ पर्यंत उतरू शकतो. म्हणजे रक्ताच्या जवळपास ८०० पट आम्लता. अमोनिया आणि फॉस्फेट तो हायड्रोजन झेलतात, म्हणून बरेच आम्ल बाहेर टाकता येते. त्यांच्या शेजारच्या पेशींत मात्र हीच मांडणी उलटी असते; आम्लारी जास्त झाली, की त्या बायकार्बोनेट मूत्रात सोडतात. रस्सा पहिल्या पेशींच्या वाट्याला, संत्री दुसऱ्यांच्या.

हे सारे मी आईला सविस्तर समजावले. तिने एक फोड तोंडात टाकली, बी हातावर काढली आणि म्हणाली, ‘‘ते ठीक आहे, पण चार संत्री खाऊन रात्री दोनदा उठून दिवे कोण लावून राहिलं?’’