झाडं कुठे?

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि आधी आठवली ती जिन्याखालची खोली. सरांचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे नुसतं 'ड्रॉइंगचे सर' म्हटलं की पुरतं.

१९८३ च्या डिसेंबरात आमची नववीची सहल अजिंठ्याला गेली. (त्याच वर्षी अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेलं, हे आम्हाला कुठलं ठाऊक!) पहिल्या लेणीत पद्मपाणीसमोर सर हरवून गेले. मला भिंतीचे पोपडेच दिसत होते. खरं सांगतो, त्या चित्रासमोर माझं मन आजही फारसं रमत नाही. तेव्हा सरांना तसं बोलूनही गेलो. ते म्हणाले, "आवडलंच पाहिजे असं कुठंय? पण काय चाललंय ते न बघता नाही म्हणू नकोस."

सव्विसाव्या लेणीत पोचेपर्यंत पाय भरून आले होते, दशम्या संपल्या होत्या. डाव्या भिंतीशी सुमारे ७ मीटर लांबीचे, उजव्या कुशीवर पहुडलेले बुद्ध. मागून कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला आणि सगळे फिदीफिदी हसलो. सर रागावले नाहीत. "खाली किती जण रडतायत, मोजा," एवढंच म्हणाले. मोजताना भांडणं झाली, पण हसू थांबलं. एकाने डोकं हातावर टेकलं होतं. आजोबा गेले त्या दिवशी काका ओट्यावर बसले होते, अगदी तसं.

"आता वर बघा."

वर वाद्यं, लगबग. मी ओरडलो, "सर, वरात!"

सर हसले. "चुकला नाहीस. खालच्यांचा गुरू गेला. तो सुटला म्हणून वरच्यांना आनंद."

सोमवारी त्यांनी आठवणीतून चित्र काढायला लावलं. मी वरात झोकात काढली. हलगी, पिपाणी, सगळं आपल्या गावचं. दहापैकी सात मिळाले. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'झाडं कुठे?' वही परत देताना म्हणाले, "झाडं नसली तर हा कुणीही झोपलेला माणूस. दोन शालवृक्ष आले की कुशीनगर, बुद्ध गेले ती जागा."

आज जळगावला माझा ऑफसेटचा छापखाना आहे. या स्मरणिकेचं मुखपृष्ठ आमच्याच मशीनवर निघतंय, हे सांगताना जरा छाती फुगते. जिन्याखालच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. असू देत. पण ड्रॉइंगचा तास गणिताच्या जादा तासाला जातो असं कानावर येतं, ते मात्र लागतं. सर असते तर मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर जाऊन बसले असते.

गेल्या दिवाळीत मुद्दाम अजिंठ्याला गेलो. पद्मपाणीपाशी दोन मिनिटं थांबलो, सरांसाठी. मग थेट सव्वीस.

झाडं आहेत. एक उशाशी, एक पायथ्याशी.