कोणाला विचारायचं आणि हातात कोणता कागद हवा

पुण्यात दवाखान्यांची वानवा नाही. योजनाही पुष्कळ आहेत. पण बहुतेक घरांना त्यांची आठवण होते ती बिल हातात पडल्यावर, आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही. म्हणून कुठल्या वयात कुणाकडे जायचं, एवढंच इथे लिहितोय.

घरात दिवस राहिल्याचं कळलं की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. महापालिकेच्या जवळच्या प्रसूतिगृहात, मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात किंवा वस्तीतल्या आशाताईंकडे. खासगी डॉक्टरकडे तपासणी चालू असली तरी माता-बाल संरक्षण कार्ड घ्याच. मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबांना पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरा हप्ता जन्मनोंदणी व चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्यावरच येतो. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं आणि घोळही तिथेच होतो. जन्माची नोंद माहेरच्या गावी, पहिले डोस तिथे, पुढचे पुण्यात आणि कार्ड मात्र माहेरच्या कपाटात! कार्ड बाळाबरोबरच फिरलं पाहिजे.

लोहाच्या गोळ्या किमान 180 दिवस घ्यायच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळीच्या आगेमागे तासभर चहाही नको. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या बायका खूप आहेत. ते लोहामुळेच होतं, त्यात काळजीचं काही नाही.

बाळाला बीसीजी (क्षयरोगाची लस) दिल्यावर काही आठवड्यांनी दंडावर छोटी पुळी येते, फुटते, वण राहतो. तिला मलम, हळद काही लावू नका. मध्ये एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे जायचं. मात्र जुलाबांपासून वाचवणाऱ्या रोटाव्हायरस लसीचा पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आतच द्यावा लागतो. सगळ्यात विसरले जातात ते 10 आणि 16 व्या वर्षीचे टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) डोस. मुलगी नऊ वर्षांची झाली की गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. 14 वर्षांपर्यंत दोन डोस पुरतात, 15 नंतर सुरू केली तर तीन लागतात. आपल्याच शहरातल्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस बाजारात आहे.

दहावी-बारावीचं मूल गप्प गप्प राहू लागलं, घरात कुणाची झोप उडाली, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी येरवड्याचं मुक्तांगण 1986 पासून काम करतंय. पिणारा माणूस यायला तयार नसेल तरी घरच्यांनी आधी समुपदेशकांशी बोलावं. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, बायकांनी गर्भाशयमुखाची आणि स्तनांचीही करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात हे मोफत होतं.

आता दाखल व्हायची वेळ. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी 2024 पासून आयुष्मान वयवंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. दोन्ही कॅशलेस आहेत. शस्त्रक्रियेआधी मंजुरी घ्यावी लागते, आणि आधी पैसे भरून नंतर परत मागण्याची सोय नाही. त्यामुळे रुग्णालयात शिरल्यावर बिलिंगच्या खिडकीकडे जाण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) शोधा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: हा आजार, या रुग्णालयात, योजनेत बसतो का? रुग्णालय यादीत असूनही हवा तो विभाग नसतो, असं पुष्कळदा होतं. आधारवर 'पांडुरंग', रेशनकार्डावर 'पांडूरंग' असेल तर तेवढ्यावरही प्रकरण अडतं. ही दुरुस्ती आजार नसताना करून ठेवा.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या, रुग्णालयांचा रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. दाखला हातात यायला दिवस जातात, म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर आधी सेतू केंद्रात अर्ज करा. आणीबाणीत मात्र अनामत रक्कम मागून रुग्णाला अडवता येत नाही.

इथे भेटायचं ते वैद्यकीय समाजसेवकांना, रिसेप्शनला नव्हे. आणि दाखल झाल्याच दिवशी, डिस्चार्जच्या सकाळी नव्हे. तोंडी बोलण्यावर थांबू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या. खाटा भरल्यात असं उत्तर मिळालं तर तेही लिहून मागा. धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करायची वेळ आली, तर हीच प्रत दाखवावी लागेल.