लाल पट्ट्यांची वही : मराठवाड्यातल्या लाव्हा थरांच्या नोंदी

विहिरी तळाला गेल्या की आपलं काम सुरू होतं. या उन्हाळ्यात बालाघाटाच्या अंगाने, बीड-केज-कळंब पट्ट्यातल्या न बांधलेल्या विहिरींच्या भिंती वाचायला घेतल्या. आजवर मी प्रत्येक लाव्हा थराची जाडी आधी लिहायचो. आता वहीतला पहिला रकाना दोन थरांमधल्या लाल पट्ट्याचा आहे.

जाडीवरून लाव्हा किती आला एवढंच कळतं. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या खोल बोअरमध्ये बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, 338 मीटर निघाला. सह्याद्रीत वेगवेगळ्या घाटांतले थर जुळवून मोजले तर हीच जाडी 2 किलोमीटरच्या वर जाते. आकडे थक्क करणारे आहेतच, पण हवेचं आणि जिवांचं काय झालं ते ठरतं वेगावर. तोच लाव्हा शंभर वर्षांत आला की लाख वर्षांत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कारण लाव्ह्याबरोबर येणारे वायू दोन तऱ्हेचे. सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात, ऊन अडतं, गारठा येतो. पण स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेत, पोचलेले कणसुद्धा दोन-तीन वर्षांत खाली बसतात. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र हजारो वर्षं रेंगाळतो आणि उष्मा वाढवतो. आइसलंडमध्ये 1783 साली लाकीची भेग फुटली. आठ महिन्यांत साधारण 15 घनकिलोमीटर लाव्हा आला, फ्लोरिनने गवत विषारी झालं, निम्म्याहून अधिक जनावरं गेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशातला जवळजवळ पाचवा माणूस दगावला. आपले हे थर ज्यांतून झाले, त्या दख्खनच्या एकेका मोठ्या उद्रेकात याच्या कितीतरी पट लाव्हा आला होता. दोन उद्रेकांमध्ये उसंत मिळाली तर गारठा निवळतो. उद्रेक लागोपाठ झाले तर थंडीवर थंडी, आम्लाचा पाऊस, आणि त्याखाली हळूहळू साचत जाणारा उष्मा.

ही उसंत आपल्याकडे लाल पट्ट्यात दिसते. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. एका थराचा पृष्ठभाग उघडा राहिला, पावसाने कुजला, वर राख पडली, माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा त्यावरून गेला. त्या मातीचा वरचा भाग बहुतेकदा भाजून टणक झालेला असतो. पण प्रत्येक लाल रंग म्हणजे माती नव्हे, हे नव्या मंडळींनी पक्कं लक्षात ठेवावं. लाव्ह्याची फुटकी, खडबडीत वरची सालही गंजून लाल होते. तिच्यात पोकळ्या असतात आणि त्यांत झिओलाइट ही पांढरी खनिजं भरलेली दिसतात. खरा गेरू बारीक पोताचा असतो. ओला करून बोटांत चोळला तर चिकट लागतो. पट्टा पातळ म्हणून उसंत थोडी, असं मी आता लिहीत नाही. वरची माती पुढच्या लाव्ह्याआधी वाहूनही गेलेली असू शकते.

डायनासोर लाव्ह्याने संपले की लघुग्रहाने, ही जगातली मोठी चर्चाही याच पट्ट्यांपाशी येते. 2019 साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी दख्खनच्या लाव्ह्याचं वय काढलं. एकाने लाल पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवर युरेनियम-शिसे पद्धत वापरली, दुसऱ्याने बेसॉल्टवरच आर्गॉन पद्धत. पहिल्यांना उद्रेकांचे चार मोठे जोर दिसले, त्यांतला एक 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनासोर संपले त्या सामूहिक विलोपाच्या थोडा आधीचा. दुसऱ्यांना लाव्हा बऱ्यापैकी सलग आलेला दिसला, आणि त्यातला बहुतांश मेक्सिकोत लघुग्रह आदळल्यानंतरचा. लाव्हा साधारण दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आला, यावर मात्र दोघे जवळ येतात. डायनासोरांचा शेवट लघुग्रहाच्या आघाताने झाला, हे मला जास्त पटतं. तरी त्या घावाच्या आधी पृथ्वी एकदा तापून गेली होती, ही गोष्ट मी बाजूला ठेवू शकत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. बेसॉल्ट कुजताना पावसातलं कार्बोनिक आम्ल वापरलं जातं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड खडकातल्या कॅल्शियमबरोबर बांधला जाऊन समुद्राकडे जातो. ज्या दगडाने हवा तापवली, तोच कुजत कुजत ती निववतो. आपली काळी माती याच कुजण्यातून आली, आणि ते काम अजून चालू आहे. कापसाच्या रानात उभा राहिलो की मला हे आठवतं आणि फार बरं वाटतं.

पाऊस लागण्याआधी देगलूर-बिलोलीकडे जायचं आहे. तिथे बेसॉल्ट पातळ होत संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. त्या सांध्यावर लाव्ह्याखाली गाळाचा थर मिळतो का ते पाहीन. नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले आहेत. तुमच्या भागात विहिरीच्या मलब्यात शंख-शिंपले असलेला गारगोटीसारखा कठीण दगड निघाला, तर फोडू नका. किती हातांवर लागला आणि वर-खाली कोणता खडक होता, एवढं लिहून ठेवा आणि फोटोत मापासाठी पेन ठेवा.