बाही वर केली तेव्हा

रिक्षावाले काका तिसऱ्यांदा आले, तोवर त्यांच्या डाव्या कोपराला फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं दोनदा अल्ट्रासाउंडचा शेक देऊन झालं होतं. हातातल्या चिठ्ठीवर ‘टेनिस एल्बो’ लिहिलेलं. वीस वर्षं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबतोय म्हटल्यावर कोपर दुखणारच, असं मीही धरून चालले.

खरं तर तिथेच चुकलं. टेनिस एल्बो दुखतो बाहेरच्या बाजूला आणि त्यात बोटं बधिर होत नाहीत. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “मॅडम, करंगळीला मुंग्या येतात, शेजारच्या बोटालापण अर्ध्या.” अर्ध्या! कोपरामागून करंगळीकडे जाणारी अल्नर नस इतकी नेमकी सांगणारा पेशंट क्वचित मिळतो. मी ऐकलं आणि मशीन लावलं.

त्या दिवशी त्यांच्या करंगळीवर टपोरा फोड दिसला.

“हे काय भाजलं?”

“भाजलं? कधी?” तेच बघत राहिले. मग आठवलं, सकाळी अमृततुल्यात चहाचा ग्लास याच हातात होता, करंगळी बुडाला टेकवून.

मशीन बाजूला ठेवलं. कोपराच्या आतल्या हाडामागे बोट फिरवलं. काका ज्याला सूज म्हणत होते ती सूज नव्हतीच. बोटाखाली सुतळीएवढी जाड दोरी लागली, दाबताच काका कळवळले. उजवीकडे तीच नस जेमतेम हाताला लागत होती. कोपर तासन्‌तास वाकवून ठेवल्यानेही ही नस दबते, मानेतूनही मुंग्या येतात. पण एवढी जाड नस म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं. ते तोंडावर येऊ दिलं नाही.

“काका, शर्ट काढा जरा.”

आजवर बाही कोपरापर्यंतच दुमडत होतो. तिच्या वर, दंडाच्या मागे, रुपयाच्या दुप्पट फिकट डाग. कोरडा, लव नसलेला. “नायटा आहे, दोन वर्षं मलम लावतोय.”

“डोळे मिटा. कापूस लागला की हं म्हणा.”

डागाच्या बाहेर, हं. खाली मनगटाजवळ, हं. डागावर कापूस तीनदा फिरवला. काका डोळे मिटून शांत, मी अजून सुरुवातच केली नाही असं समजून.

२००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. आम्ही शिकलो त्यानंतर, त्यामुळे तो आमच्यासाठी परीक्षेपुरता उरला होता. सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. सहा महिन्यांच्या गोळ्या, त्याही फुकट. नसेची सूज उतरायला स्टेरॉइड वेगळं.

काकूंनी दारातच विचारलं, “ताट-वाटी वेगळी करू का यांची?” नको म्हटलं. गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाची भीती राहत नाही, शिवाय हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. काकांचा प्रश्न वेगळाच होता: “स्टँडवर कुणाला सांगायचं नाही ना?”

चार महिन्यांनी मुंग्या कमी झाल्यात, ठणका गेलाय. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला दिला तर पकड टिकवायला अंगठा अजून वाकतो, तेवढी ताकद परत यायला वेळ लागेल; सगळी येईलच असं मी त्यांना सांगितलेलं नाही. परवा चहा मागवला तेव्हा त्यांनी आधी खिशातून रुमाल काढला, ग्लासाला गुंडाळला आणि उजव्या हाताने उचलला.