केरीचा सुरू

सावंतवाडीहून आरोंदा, मग किरणपाणीचा पूल, की आलंच गोव्यातलं केरी. मे महिन्याच्या उन्हात समुद्रावर चित्रं काढायला कोण जातं, असं म्हणत आईने डब्यात घावणे भरून दिले.

केरीच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. लाटांनी वाळू ओढून नेल्यामुळे पुढची बरीच झाडं मुळं उघडी टाकून आडवी झालीत. त्यांच्यामागे अजून तग धरून असलेल्या एका सुरूसमोर मी बसले. नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. बांधला आमच्या वाडीच्या सावंतांनी, १७४६ साली घेतला पोर्तुगिजांनी. आता तो गोव्यात, आम्ही महाराष्ट्रात.

सुरू जमिनीकडे कललेला दिसला म्हणून मी खोड धनुष्यासारखं वाकवलं आणि वर सॅप ग्रीन फासला. ट्यूबमधून निघाला तसाच. झाडापेक्षा ती केस मोकळे सोडलेली बाईच वाटायला लागली.

होडीच्या सावलीत जाळं विणत बसलेले काका उठून आले. जरा वेळ बघून म्हणाले, ‘‘बाय, झाड वांकूंक ना गो. एके वटेन सुकलां.’’

जवळ जाऊन पाहिलं. खोड जवळपास सरळ! समुद्राकडच्या फांद्या मात्र बोडक्या, राखाडी. खाऱ्या तुषारांनी तिकडचे कोवळे कोंब करपतात, वाढ होते ती फक्त आडोशाच्या अंगाला. म्हणजे वारा झाडाला वाकवत नव्हता, एका बाजूने खुडत होता. एक सुई तोडून ओढली तर सांध्यासांध्यावर सुटत गेली. ती पान नव्हेच, हिरवी काडी; पानं म्हणजे सांध्याभोवतीचे ते इवलेसे दाते.

दुसरा कागद लावला, चार चिमटे मारून. वाऱ्याने वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, पसरायच्या आत सुकत होता, कडा उठत होत्या. मग वॉशचा नाद सोडला. कुंचला फडक्यावर टिपला, त्याचे केस बोटांनी फाकवले आणि खरखरीत कागदावरून नुसता ओढला. मध्ये पांढरे कण राहिले, सुरूची विरळ झालर आपोआप झाली. हिरव्यात थोडा तांबूस बर्न्ट सिएना. मेलेल्या फांद्यांना तोच सिएना आणि निळा अल्ट्रामरीन. समुद्राकडची बाजू जवळजवळ कोरीच ठेवली.

काका पुन्हा डोकावले. ‘‘आनी किल्लो खंय?’’

किल्ला फांद्यांच्या मागे गेला होता. मी त्यांच्यापुढे घावण्यांचा डबा सरकवला.