तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या खासदारांना दहापैकी किती?

"ते सगळं ठीक आहे वहिनी, पण दहापैकी किती?"

आठ-नऊ वर्षं हा प्रश्न ऐकतेय. जिन्यात, लोकलच्या लेडीज डब्यात, नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, हळदीकुंकवाला. ठाणे, कल्याण आणि भिवंडी या जिल्ह्यातल्या तिन्ही खासदारांनी लोकसभेत काय विचारलं, काय बोलले आणि कशाच्या बाजूनं मत दिलं, याची मी वही ठेवते. विचारणाऱ्यांना हे माहीतच असतं. मी आकडा सांगत नाही, की लगेच ठरतं: ही त्यांच्या बाजूची. निवडणूक जवळ आली की तेच लोक म्हणतात, ही विरोधातली. दोन्ही ऐकून झालंय. मी कुठल्याही पक्षाची नाही, मला कुणी पैसे देत नाही, आणि रविवारचे दोन तास मी त्यात घालवते ते माझे स्वतःचे आहेत. एकदाच नीट लिहिते.

आधी आपण कुणाला मोजतोय ते तरी बघा. कळवा-मुंब्र्यातली कितीतरी माणसं ठाण्याच्या खासदारांच्या नावानं बोटं मोडतात, कारण महापालिका ठाण्याची. पण 2009 पासून त्यांचं मत कल्याण मतदारसंघात जातं. उलट ऐरोली-बेलापूरचे लोक ठाण्यात मतदान करतात आणि "आमचं नवी मुंबईचं वेगळं" म्हणतात. आपला खासदार कोण हे पक्कं नसताना गुण मागणारे मला रोज भेटतात.

मग प्रश्न. लोकांना वाटतं, ज्यानं जास्त प्रश्न विचारले तो जास्त चांगला. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात आणि 230 अतारांकित. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीनं ठरतं. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. पण अकरा ते बाराच्या त्या तासात वीसातले चार-पाचच प्रश्न तोंडी होतात, तेही गोंधळ नसेल तर. अतारांकितचं उत्तर लेखी येतं, बस. आणि एकाच प्रश्नावर चार-पाच खासदारांची नावं असू शकतात. प्रश्न एक, आणि मोजणीत प्रत्येकाच्या खात्यावर एकेक. 2005 च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून 11 खासदारांना घरी पाठवलं होतं. त्यांचेही प्रश्न आकड्यात धरलेलेच होते.

आणि रिकामा रकाना? भिवंडीचे तेव्हाचे खासदार कपिल पाटील जुलै 2021 मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्या तारखेनंतर माझ्या वहीत त्यांचा प्रश्नांचा रकाना कोरा आहे. त्यावर एका बाईंनी मला विचारलं होतं, "बघा, मंत्री झाले आणि गप्प बसले ना?" मी त्यांना समजावलं. पुढच्या महिन्यात त्यांनी तेच विचारलं.

हजेरीचं तर बोलूच नका. खासदार त्या दिवशी सभागृहात येऊन गेला, एवढंच हजेरी सांगते. दहा मिनिटं बसला की दहा तास, ते कळत नाही. ज्या संसदीय समित्यांमध्ये खरं बारीक काम चालतं, त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. तिथे कुणी काय विचारलं हे तुम्हाआम्हाला ऐकायला मिळत नाही. तुमचा खासदार तिथे जीव तोडून भांडत असेल किंवा डुलकी काढत असेल. माझ्या वहीत दोघं सारखेच.

ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका 18 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाली. त्याआधी कित्येक वर्षं रेल्वेला प्रश्न विचारले जात होते आणि काम चालू आहे अशी उत्तरं येत होती. ती मार्गिका कुणामुळे झाली? फलकांवर सगळ्यांचे फोटो होते. वहीतून मला एवढंच सांगता येतं की अमुक तारखेला अमक्यानं विचारलं आणि उत्तर हे आलं. याला दहापैकी किती देऊ?

हे सगळं खरं आहे, आणि मी ते विचारणाऱ्याला दर वेळी सांगते. पण मी आकडा देत नाही याचं कारण एवढंच नाही. मी एकदा आकडा दिला होता.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहायचे. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले. वही खरं तर आम्ही दोघांनी सुरू केली. मी लोकसभेची चर्चा उघडून वाचायची, त्यांनी रकाने आखायचे. स्टीलची पट्टी, लाल शाईनं समास, निळ्यानं उभ्या रेघा. मी हिशेबाच्या ऑफिसात आयुष्य काढलंय, पण इतकी सरळ रेघ मला कधी जमली नाही. त्या वर्षी निवडणूक होती. काका म्हणाले, "अगं, एवढं करतेस तर लोकांना कळेल असं एका कागदावर दे." मी दिलं. तिघांना दहापैकी गुण. प्रश्नांचे चार, भाषणांचे तीन, मतदानाचे तीन. कुणी ठरवलं चार आणि तीन? मीच, एका रविवारी दुपारी. शंभर झेरॉक्स काढल्या आणि काकांनी घरोघरी वाटल्या.

मतदानाचे तीन गुण हा तर सगळ्यात कच्चा भाग होता. लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं होतात, "हो"वाले ओरडतात, "नाही"वाले ओरडतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कुणी काय म्हटलं याची नावानिशी नोंद राहत नाही. तीन शेती कायदे मागे घेतले, 29 नोव्हेंबर 2021 ला, तेही आवाजीच. नावं छापली जातात ती फक्त मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवून मोजणी, झाली तर. महिला आरक्षणाला 20 सप्टेंबर 2023 ला झाली, 454 विरुद्ध 2. वक्फच्या दुरुस्तीला एप्रिल 2025 मध्ये मध्यरात्रीनंतर झाली, 288 विरुद्ध 232. तिथेही 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की खासदार पक्षाच्या ओळीबाहेर मत देऊ शकत नाही; दिलं तर खासदारकीवर बेतू शकतं. म्हणजे यादीतून कळतं ते फारतर एवढंच, की माणूस त्या क्षणी तिथे होता का. मी त्यावर तीन गुण ठेवले होते. एका खासदाराचं नाव एका मोठ्या मतविभागणीच्या यादीत मला सापडलं नाही. मी फुली मारली आणि दोन गुण कापले.

नंतर एका शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. ते खासदार आले होते. कोण, कुठल्या पक्षाचे, कुठला हॉल, हे सांगणार नाही. त्यांची यात काही चूक नव्हती. काका पुढून चौथ्या ओळीत होते, मी त्यांच्या मागे दोन ओळी सोडून. माइक फिरत फिरत काकांकडे आला. ते उभे राहिले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद उघडला आणि विधेयकाचं नाव, तारीख वाचली. मग म्हणाले, "साहेब, त्या दिवशीच्या यादीत तुमचं नाव नाही. आम्ही तुम्हाला तिथे पाठवलं ते कशाला?"

खासदार चिडले नाहीत. बाजूला उभ्या असलेल्या मुलाला काहीतरी म्हणाले. त्यानं मोबाईलवर शोधलं, दोन मिनिटं गेली, हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग त्या मुलानं माइक घेतला आणि वाचून दाखवलं. मतविभागणीच्या निकालाखाली तळटीप असते: पुढील सदस्यांनीही चिठ्ठीद्वारे मत नोंदवलं किंवा दुरुस्त केलं. त्यात साहेबांचं नाव होतं. "काका, खालचं वाचायचं राहिलं वाटतं," तो म्हणाला. लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "कुणी लिहून दिलंय हे?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना ठाऊक होतं मी कुठे बसलेय. त्यांनी कागदाची चौघडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, "माझी चूक झाली, माफ करा" म्हणाले आणि बसले.

मी उठले नाही.

त्या वेळी स्वतःला सांगितलं, आधी घरी जाऊन खात्री करू, मग बोलू. हे खोटं होतं. तो मुलगा वाचत असतानाच मला कळलं होतं. रात्री अकराला लोकसभेची त्या दिवसाची चर्चा उघडली. नावांची ती लांबलचक यादी, शेवटी अध्यक्षांचं ते ठरलेलं वाक्य, दुरुस्तीच्या अधीन राहून निकाल असा आहे, आणि आकड्याला चिकटलेली बारीक चांदणी. माझी नजर तिच्यावरून गेली होती. बाकावरचं यंत्र चाललं नाही, चुकीचं बटण दाबलं गेलं, तर खासदार चिठ्ठीवर मत देतात. अध्यक्ष "दुरुस्तीच्या अधीन" म्हणतात ते त्यासाठीच. मी ते वाक्य शंभरदा वाचलं होतं आणि भटजींच्या मंत्रासारखं सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. चूक माझी होती म्हणाले. काका चहा पीत होते. म्हणाले, "चूक होते गं. मीही रेल्वेला चुका लिहून दिल्यात. पण खाली सही माझी असायची."

आमच्या त्या कागदावर कुणाचीच सही नव्हती.

मी नवा कागद काढला, चूक लिहिली, माझं नाव घातलं आणि शंभर झेरॉक्स परत वाटल्या. तोवर मतदान होऊन गेलं होतं. किती जणांनी दुसरा कागद वाचला ते माहीत नाही. काका नंतरही रकाने आखत राहिले, पण सभेला कधी आले नाहीत. दोनेक वर्षांनी मुलाकडे बदलापूरला गेले. जाताना पुढची बरीच पानं आखून ठेवून गेले. अजून त्याच पानांवर लिहितेय. प्रत्येक पानाखाली आता माझी सही असते, आणि प्रत्येक मतविभागणीची तळटीप मी यादीच्या आधी वाचते.

तर म्हणून मी आकडा देत नाही. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण तुम्ही विचारताच आहात तर तेही लिहिते. गुण देणं चुकीचंच आहे म्हणून मी थांबलेय, की त्या आकड्याखाली सही करायची हिंमत नाही म्हणून? त्या वेळची मी तरी काहीतरी ठामपणे म्हणत होते. चुकीचं, पण लोकांच्या हातात पडेल असं. आता विचारणाऱ्याला मी सोडत, तळटीप, समित्या, व्हीप असं सगळं ऐकवते आणि तो कंटाळून निघून जातो. त्याला बूथवर एकच बटण दाबायचं असतं. मलाही. आणि मी दाबते, तेव्हा माझ्या मनात काहीतरी ठरलेलंच असतं. ते काय असतं, दहापैकी सहा, साडेसहा? मग ते फक्त माझ्यापुरतं का ठेवते?

ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही आकडा दिला नाहीत तर दुसरा कुणीतरी देईल, आणि तो तळटीप वाचणारच नाही." तिला मी उत्तर दिलं नाही. ती चुकली असं मला म्हणता येत नाही.

जे देऊ शकते ते देते. तुमचा विषय सांगा, रेल्वे, पाणी, कंत्राटी नोकऱ्या, काहीही. कोणी कधी विचारलं आणि उत्तर काय आलं, तारखेनिशी काढून देईन. त्यासाठी आजवर चार जण आले. एकजण त्यातलं उत्तर घेऊन खासदारांच्या कार्यालयात गेला, दोनदा गेला, आणि तिसऱ्यांदा जाणार आहे.

अधिवेशन सुरू झालं की बदलापूरहून काकांचा फोन येतो. काय विचारलं आपल्या लोकांनी, एवढंच म्हणतात. मी वाचून दाखवते. त्यांनी आकडा कधीच विचारला नाही. त्यांनी विचारला तर मी देईन, असं मला वाटतं.